किटचा इतिहास : स्वस्त हायब्रिड लातूर-नांदेडपर्यंत का पोहोचली नाही?

१/
हायब्रिड मोटारीचा इतिहास सांगणारे बहुतेक थ्रेड एकाच वाटेने जातात. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये टोयोटाची प्रियस आली, तिने जग बदलले, पुढे टेस्ला आली आणि हायब्रिडचे काम संपले. भारत या कथेत अखेरच्या ओळीत डोकावतो, तोही गिऱ्हाईक म्हणून. मराठवाडा तर येतच नाही. ही मांडणी सुटसुटीत आहे आणि चुकीची आहे. या चुकीची किंमत पेट्रोल पंपावर मोजावी लागते, म्हणून तिचा समाचार घेणे आवश्यक आहे.

२/
या थ्रेडचे प्रतिपादन एवढेच आहे : मागास ठेवलेल्या प्रदेशात नवे तंत्रज्ञान क्वचितच नव्या गाडीच्या रूपाने येते. ते जुन्या गाडीला जोडून येते. महाराष्ट्रात असे जोडता येणारे हायब्रिड किट २०१० मध्येच तयार झाले होते. ते वाढले नाही, कारण धोरणाच्या नजरेत नवी गाडी घेणारा तेवढा ग्राहक होता. जुनी गाडी चालवणारा त्या नजरेत कधी भरलाच नाही.

३/
प्रथम यंत्र समजून घेऊ. प्रत्येक मोटारीत इंजिन सुरू करणारा स्टार्टर असतो, ज्याला गॅरेजमध्ये सेल्फ म्हणतात. आणि बॅटरी भरणारा अल्टरनेटर असतो. माइल्ड हायब्रिडमध्ये ही दोन्ही कामे पट्ट्याने इंजिनाशी जोडलेले एकच विद्युतयंत्र करू शकते. गाडी थांबली की इंजिन बंद होते, क्लच दाबताच चालू होते. वेग कमी करताना वाया जाणाऱ्या शक्तीतून बॅटरी भरली जाते आणि गाडी उचलताना तीच वीज इंजिनाला हातभार लावते. केवळ विजेवर ही गाडी धावत नाही. म्हणूनच ती स्वस्त पडते.

४/
ही कल्पना प्रियसहून ८५ वर्षांनी जुनी आहे. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी बसवलेले यंत्र इंजिन सुरूही करी आणि सुरू झाल्यावर बॅटरीही भरी. सुरू करताना २४ व्होल्ट, भरताना ६ व्होल्ट अशी त्याची रचना होती. हँडल मारण्याचा त्रास वाचला म्हणून जगाने ते स्वीकारले. पुढे ही दोन कामे दोन यंत्रांत विभागली गेली. शंभर वर्षांनी ती पुन्हा एकत्र आली, तेव्हा तिला ‘नवे तंत्रज्ञान’ असे नाव मिळाले.

५/
पूर्ण हायब्रिडचीही कथा तशीच. विसाव्या शतकाच्या आरंभी फर्डिनांड पोर्शे यांनी लोनर कंपनीसाठी इंजिन आणि विद्युत मोटर एकत्र असलेली गाडी बनवली. १९७० च्या दशकात अमेरिकेत व्हिक्टर वूक यांनी ब्यूक स्कायलार्क या साध्या मोटारीचे हायब्रिडमध्ये रूपांतर केले. सरकारी प्रयोगशाळेत तिची चाचणी झाली. नंतर सरकारनेच तो कार्यक्रम गुंडाळला. येथे दोन गोष्टी टिपून ठेवाव्यात. वूक यांनी गाडी नव्याने घडवली नव्हती, अस्तित्वात असलेली बदलली होती. आणि तिचे भवितव्य ठरले ते कार्यालयात.

६/
आता मराठवाड्याकडे वळू. लातूर आणि नांदेड ही दोन्ही गावे हैदराबाद संस्थानात होती. १९३२ मध्ये निजाम सरकारने रेल्वेच्याच खात्यामार्फत बससेवा सुरू केली. २७ बस घेऊन सुरू झालेली ही सेवा भारतातील सरकारी प्रवासी वाहतुकीचा अगदी आरंभीचा प्रयोग मानली जाते. संस्थानाला यंत्र नवीन नव्हते. संस्थानात इंधन नव्हते. पेट्रोल बाहेरून येई, आणि बाहेरून येणारी वस्तू युद्धात प्रथम आटते.

७/
दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा भारतभर बस आणि ट्रक यांना लोणारी कोळशाच्या वायूची संयंत्रे जोडली गेली. गाडीच्या मागे किंवा बाजूला भट्टी, त्यातून निघणारा वायू गाळून इंजिनात. इंजिनाची ताकद घटे, भट्टी पेटवायला वेळ लागे, काजळी काढावी लागे. तरीही गाड्या चालल्या. ही हायब्रिड नव्हे. पण हायब्रिडमागची बुद्धी तीच. आहे ते इंजिन ठेवायचे, टंचाईतील इंधन वाचवायचे आणि उरलेली गरज शेजारच्या दुसऱ्या स्रोतावर भागवायची.

८/
स्वातंत्र्यानंतर हीच बुद्धी गॅसच्या किटमध्ये दिसते. घरगुती सिलिंडर गाडीत बसवण्याचे चोरटे उद्योग कायद्याच्या आधी सुरू होते. त्यातील धोका खरा होता. २००० मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, एलपीजीला वाहनाचे इंधन म्हणून मान्यता मिळाली आणि कलम ५२ मध्ये किट बसवण्याची वाट खुली झाली. म्हणजे लोकांनी आधी गरज दाखवली, राज्याने नंतर नियम केला. किट ही येथील रस्त्यावरची जुनी, सर्वांना परिचित संस्था आहे. एखादी जुनी गाडी विकत घेताना ‘किट बसवलंय का?’ हा प्रश्न आजही सहज विचारला जातो.

९/
या परंपरेच्या पार्श्वभूमीवर २०१० मधील पुण्याची घटना वाचावी. केपीआयटी या सॉफ्टवेअर कंपनीने भारत फोर्जला सोबत घेऊन ‘रेव्होलो’ नावाचे हायब्रिड किट जाहीर केले. जुन्या पेट्रोल वा डिझेल मोटारीला विद्युत मोटर, जादा बॅटरी आणि नियंत्रक जोडायचा. मोटर पट्ट्याने इंजिनाच्या क्रँकशाफ्टला हातभार लावणार. बॅटरी घरच्या विजेवरही भरता येणार. इंधनकार्यक्षमतेत ३५ टक्क्यांहून अधिक वाढ होईल, असा कंपनीचा दावा होता. किंमत ६५,००० ते दीड लाख रुपयांच्या दरम्यान सांगितली गेली.

१०/
दावा कंपनीचा होता, म्हणून तो जसाच्या तसा स्वीकारण्याचे कारण नाही. पण त्यामागची कल्पना किती वेगळी होती ते पाहावे. जगातील मोठे मोटार उद्योग हायब्रिडच्या निमित्ताने ग्राहकाला नवी गाडी विकू पाहत होते. पुण्यातील हा प्रयत्न ग्राहकाच्या दारात उभी असलेली गाडीच गृहीत धरत होता. वूक यांचा धागा येथे पुन्हा हाती येतो. पण हायब्रिडच्या प्रचलित इतिहासात रेव्होलोला एक ओळही मिळत नाही. आपलाच इतिहास आपण दुसऱ्याच्या अनुक्रमणिकेवरून वाचतो, तेव्हा असे घडते.

११/
यानंतर तारखांचा क्रम बोलका आहे. किट जाहीर झाले २०१० मध्ये. विद्युत आणि हायब्रिड वाहनांची राष्ट्रीय योजना जाहीर झाली जानेवारी २०१३ मध्ये. २०२० पर्यंत अशी ६० ते ७० लाख वाहने रस्त्यावर आणण्याचे तिचे उद्दिष्ट होते. जुन्या गाडीला हायब्रिड किट बसवण्याची स्वतंत्र तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांत आली २०१६ मध्ये. वस्तू आणि नियम यांत सहा वर्षांचे अंतर. तोपर्यंत केपीआयटीचे लक्ष बसकडे वळले होते; डिसेंबर २०१५ मध्ये संसदेच्या आवारात विजेवर चालणारी रूपांतरित बस झळकली. खासगी मोटारीचे किट बाजारात कधीच रुळले नाही.

१२/
दरम्यान माइल्ड हायब्रिड दुसऱ्या दाराने आली. सप्टेंबर २०१५ मध्ये मारुती सुझुकीने सियाझ डिझेलमध्ये हे तंत्र दिले, पाठोपाठ अर्टिगामध्ये. सियाझचे प्रमाणित मायलेज लिटरला २६.२१ किलोमीटरवरून २८.०९ वर गेले. त्याच वर्षी १ एप्रिलपासून लागू झालेल्या केंद्राच्या ‘फेम’ योजनेतून या गाड्यांना सुमारे १३,००० रुपयांचे अनुदान मिळू लागले. स्वस्त हायब्रिड सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात येते, हे प्रथमच मोठ्या प्रमाणावर दिसले.

१३/
हा काळ दीड वर्षे टिकला. ३० मार्च २०१७ च्या अधिसूचनेने माइल्ड हायब्रिड ‘फेम’मधून वगळली गेली, तीही दोन दिवसांनी, १ एप्रिलपासून. १ जुलैला जीएसटी आला. हायब्रिडवरील एकूण करभार सुमारे ३०.३ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेला : २८ टक्के कर, त्यावर १५ टक्के उपकर. चार मीटरच्या आतील लहान इंजिनाच्या हायब्रिडला उपकरातून सूट होती. पण त्या वेळी बाजारात असलेल्या सियाझ आणि अर्टिगा दोन्ही चार मीटरहून लांब. विद्युत वाहनांचा दर १२ टक्के होता, तो ऑगस्ट २०१९ मध्ये ५ वर आला.

१४/
येथे प्रतिपक्षाला न्याय द्यायला हवा. अनुदान काढून घेण्यामागे युक्तिवाद होता. ज्या डिझेल गाडीचे इंधन सात टक्क्यांच्या आसपास वाचते, तिला विद्युत वाहनांसाठीच्या निधीतून पैसा का द्यावा, हा प्रश्न रास्त होता. अनुदान थांबवणे समजू शकते. परंतु अनुदान थांबवणे आणि बक्षिसाऐवजी दंड आकारणे यांत फरक आहे. सवलतीचा हक्क नाही, म्हणून जादा कराचे कारण निर्माण होत नाही. तीन महिन्यांत एका तंत्राला ‘प्रोत्साहनयोग्य’ वर्गातून उचलून आलिशान गाड्यांच्या पंगतीत बसवले गेले. यंत्रात त्या तीन महिन्यांत एक स्क्रूही बदललेला नव्हता.

१५/
तरीही माइल्ड हायब्रिड संपली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. २०२० मध्ये बीएस-६ मानके आली, मारुतीने डिझेल इंजिने बंद केली. पण पेट्रोल अर्टिगा आणि इतर गाड्यांत हे तंत्र चालू राहिले. मोठी कंपनी कराचा भार मोठ्या खपात पचवू शकते. किट बनवणाऱ्याला ते शक्य नव्हते. त्याला प्रत्येक वाहनप्रकारासाठी स्वतंत्र मान्यता हवी, बसवणारे प्रशिक्षित गॅरेज हवे, आरटीओत नोंद हवी. थोडक्यात, शोरूममध्ये गेलेल्या माणसाला हायब्रिड मिळाली. जो शोरूममध्ये जाऊच शकत नव्हता, त्याला मिळाली नाही.

१६/
तो माणूस कुठे भेटतो? लातूर ते नांदेड या रस्त्यावर. चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, लोहा असा हा मार्ग. फाट्या-फाट्यावर थांबत, माणसे चढवत-उतरवत जाणाऱ्या गाड्या येथे रोज दिसतात. लातूरला शिकवणीसाठी येणारी मुले, नांदेडला दवाखान्यात किंवा गुरुद्वाऱ्यात जाणारी कुटुंबे, बाजार समितीतून परतणारे शेतकरी या गाड्यांत बसतात. गाडी बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडची असते. चालकाच्या दिवसाचा हिशेब डिझेलपासून सुरू होतो आणि डिझेलवरच संपतो.

१७/
सात टक्के म्हणजे काय, हे त्याच्या हिशेबाने मांडू. गाडी वर्षाला ४०,००० किलोमीटर धावते आणि लिटरला २० किलोमीटर देते असे धरू. वर्षाचे डिझेल २,००० लिटर. सियाझच्या प्रमाणित आकड्यांतील सुधारणा जशीच्या तशी मिळाली, तर सुमारे १३४ लिटर वाचते. लिटरला ९० रुपये धरले, तर वर्षाला १२,००० रुपये. शहरातील नोकरदाराला ही रक्कम किरकोळ वाटेल. अहमदपूरच्या चालकासाठी ती मुलाची वर्षाची फी किंवा गाडीचा विमा असू शकते. ज्याचा खर्चच इंधनाचा, त्याच्यासाठी अल्प बचत अल्प राहत नाही.

१८/
पहिला आक्षेप : महामार्गावर माइल्ड हायब्रिडचा उपयोग कमी. हे खरे आहे. एकसारख्या वेगाने धावणाऱ्या गाडीत ब्रेकची शक्ती परत मिळवायला वाव नसतो. पण फाट्यावर थांबणारी गाडी महामार्गावरून जात असली, तरी तिची चाल शहरी असते. थांबणे, उचलणे, पुन्हा थांबणे. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत अडकलेल्या गाडीचे तर सांगायलाच नको. जेथे बचत होते तेथे ती मोजावी. जेथे होत नाही तेथे तसे सांगावे. सरसकट नाकारणे हा मोजमापाचा मार्ग नव्हे.

१९/
दुसरा आक्षेप : विद्युत मोटार असताना अर्धवट उपाय कशाला? विद्युत मोटारीची कार्यक्षमता निर्विवाद आहे आणि उद्याचा रस्ता बहुधा तिचाच असेल. पण प्रश्न उद्याचा नाही. आज रस्त्यावर असलेली गाडी आणखी दहा वर्षे धावणार आहे. ती या दहा वर्षांत जे इंधन जाळेल, त्याचे काय? नव्या वस्तूच्या आगमनाने जुनी वस्तू नाहीशी होते, हा इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी करू नये असा समज आहे. रेल्वे आल्यानंतरही बैलगाडी शंभर वर्षे माल वाहत राहिली. इतिहास शोधाच्या तारखेने लिहिला जातो; जगणे वापराच्या तारखेने चालते.

२०/
तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो सर्वांत गंभीर. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये जोडलेली बॅटरी जीव घेऊ शकते. चोरट्या गॅस किटचा अनुभव ताजा आहे. मात्र त्या अनुभवाचा धडा कोणता? नियमन उशिरा आले, म्हणून धोका वाढला. पुण्यात एआरएआय ही वाहनचाचणी संस्था १९६६ पासून आहे. प्रयोगशाळा पुण्यात, किट पुण्यात, गरज मराठवाड्यात. आणि तिघांना जोडणारा नियम यायला सहा वर्षे. याला सावधगिरी म्हणायचे की दिरंगाई, हे वाचकांनी ठरवावे.

२१/
आता वर्तमान. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्करने महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार केला. छत्रपती संभाजीनगर येथे सुमारे २०,००० कोटी रुपयांचा, वर्षाला चार लाख गाड्यांचा प्रकल्प. हायब्रिड आणि विद्युत गाड्यांसाठी. मराठवाड्याला रोजगार मिळेल, त्याचे स्वागतच आहे. पण त्याच कंपनीची इनोव्हा हायक्रॉस २०२२ च्या अखेरीस आली, तेव्हा हायब्रिड आवृत्तीची शोरूम किंमत २४ लाखांच्या पुढे होती. हायब्रिड मराठवाड्यात बनेल आणि मराठवाड्यातील बहुतेकांच्या हिशेबाबाहेर राहील, अशी ही व्यवस्था आहे. कापूस येथे पिकतो आणि कापड दुसरीकडे बनते, या जुन्या तक्रारीचा हा उलटा अवतार.

२२/
२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर पुन्हा बदलले. चार मीटरच्या आतील, १,२०० सीसीपर्यंतची पेट्रोल हायब्रिड १८ टक्क्यांत आली. मोठी हायब्रिड ४० टक्क्यांत. सुधारणा झाली, हे मान्य. मात्र मोजपट्टी तीच राहिली : गाडीची लांबी. सात माणसे नेणारी गाडी लांब असते, म्हणून ती चैनीच्या वर्गात. एका लिटरमध्ये किती माणसे किती किलोमीटर गेली, हा प्रश्न करसारणीत कुठेच नाही. जोवर तो विचारला जात नाही, तोवर ‘स्वस्त आणि कार्यक्षम’ हे शब्द जाहिरातीपुरते राहतील.

२३/
करायचे काय? अनुदानाचा हट्ट नको. तीन गोष्टी पुरेत. कर ठरवताना लांबीऐवजी प्रतिप्रवासी इंधन मोजावे. एकाच इंजिनकुळातील गाड्यांना किटसाठी एकत्रित मान्यता मिळावी, म्हणजे चाचणीचा खर्च विभागला जाईल. आणि लातूर-नांदेडच्या शासकीय तंत्रनिकेतनांत व आयटीआयमध्ये किट बसवण्याचे अधिकृत प्रशिक्षण द्यावे. यांपैकी कशासाठीही नवा शोध लागायला नको. शोध १९१२ चा आहे, स्थानिक नमुना २०१० चा आहे, नियम २०१६ चा आहे. उरली आहे ती इच्छा.

२४/
इतिहासप्रेमींसाठीही काम आहे. युद्धकाळातील कोळशाच्या बस, गॅस किट, रेव्होलो यांची साधने संग्रहालयात मिळणार नाहीत. ती जुन्या मेकॅनिकांच्या आठवणीत, गॅरेजच्या वह्यांत, आरसी बुकावरील शेऱ्यांत आहेत. वह्या दर दिवाळीला रद्दीत जातात. कंपन्यांचा इतिहास कंपन्या लिहून घेतात. किटचा इतिहास लिहून घेणारे कोणी नाही. प्रियसवरचा आणखी एक थ्रेड लिहिण्याआधी आपल्या गावातील सर्वांत जुन्या गॅरेजमध्ये जाऊन दोन प्रश्न विचारावेत : कोणकोणती किटे बसवली, आणि ती का काढली? स्वस्त हायब्रिड येथवर का पोहोचली नाही, याचे उत्तर दुसऱ्या प्रश्नापासून मिळू लागेल.